तुसाच्या राखेवर जळणारा साचा

मित्रांनो, मी जुना आहे, लोखंडी आहे आणि मत्सरी आहे. पहिल्या दोन गोष्टी मला पाहणाऱ्या कोणालाही कळतात. तिसरी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

काँक्रीटचे ठोकळे पाडायचा साचा म्हणून माझा जन्म झाला. माझे अंग दोन भागांचे आहे आणि प्रत्येक भाग काटकोनात वळलेला आहे. हे दोन भाग समोरासमोर आणून बोल्टांनी आवळले आणि खाली लोखंडी पाट बसवला, की आत एक चौकोनी पोकळी तयार होते. तिची लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर. या पोकळीत ओले काँक्रीट भरतात. दुसऱ्या दिवशी मला उघडून घट्ट झालेला ठोकळा बाहेर काढतात, तो पाण्याच्या टाकीत ठेवतात आणि ठरलेल्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडतात. किती टन भार सोसून तो फुटला, यावरून ते काँक्रीट पुलाला, टाकीला किंवा घराच्या छताला चालेल की नाही ते ठरते. माझी सगळी लेकरे फुटण्यासाठीच जन्माला येतात. त्याचे मला दुःख नाही. वेळेआधी फुटली तर मात्र फार लागते.

आम्ही सहा भाऊ. एकाच ओतशाळेत, एकाच दिवशी, एकाच भट्टीच्या लोखंडातून ओतले गेलो. आमच्या आतल्या बाजू तासून आरशासारख्या केल्या गेल्या आणि प्रत्येकाच्या अंगावर एकेक आकडा ठोकला. माझ्यावर चार आहे. आम्हाला पत्र्याच्या छपराच्या एका लहानशा प्रयोगशाळेत आणले गेले. तिथे एक खिडकी, एक पाण्याची टाकी, दाबयंत्र आणि सिमेंटने पांढरट झालेली फरशी होती. तिथल्या मुख्य एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या आणि सगळे दोनदा मोजणाऱ्या. त्यांच्या हाताखाली मामा होते. ते नक्की कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नव्हते, पण सगळे त्यांना मामाच म्हणत.

तेव्हाचे दिवस फार चांगले होते. मामा रोज सकाळी आम्हा सहाही जणांना तारेच्या ब्रशने घासत, आतून तेलाचा हात फिरवत, मग काँक्रीट तीन थरांत भरत आणि प्रत्येक थर गोल टोकाच्या सळीने पस्तीस वेळा ठासत. आकडे मोजताना ते मोठ्याने बोलत आणि मध्येच कोणी हाक मारली तर पुन्हा एकपासून सुरू करत. माझा ठोकळा निघाला की म्हणत, "बघा बाई, चार नंबर! फाशासारखा निघालाय. ठिपके काढले की खेळायला घ्या." बाई हसत नसत, पण ठोकळा हातात घेऊन त्याच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवत. मला तेवढे पुरेसे होते.

मग एके दिवशी ती आली.

ती गोणीत बसून आली. भाताच्या गिरणीत तांदूळ काढल्यावर उरलेले तूस भट्टीत जाळतात, त्या तुसाची ती राख होती. तिला घेऊन आलेली स्त्री ती गिरणी चालवत होती. मामा तिला ताई म्हणत. ताईंच्या गिरणीमागे राखेचा डोंगर झाला होता. वारा सुटला की राख उडून आजूबाजूच्या घरांत जाई, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे, मुलांना खोकला येई. लोकांनी तक्रार केली आणि नगरपालिकेने ताईंना चार महिन्यांची मुदत दिली: राखेची कायमची सोय करा, नाहीतर गिरणी बंद.

"बारा माणसं आहेत माझ्याकडे," ताई म्हणाल्या. "आणि राख टाकायला कुणी जागा देत नाही. नाल्यात टाकू म्हटलं तर पाप लागेल. कुणीतरी सांगितलं, सिमेंटमध्ये चालते. चालते का हो?"

"चालवायची म्हटली तर चालेल," बाई म्हणाल्या. "पण आधी बघावं लागेल."

त्यांनी चिमूटभर राख तळहातावर घेतली आणि बोटाने पसरली. राख काळी नव्हती, फिकट करडी होती. बाईंचा चेहरा उजळला. तो चेहरा मी ओळखून होतो, पण तो आजवर कधी आमच्याकडे पाहून उजळला नव्हता.

मित्रांनो, बाईंनी ताईंना जे समजावले ते मीही ऐकले. भाताचे रोप जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका नावाचे द्रव्य ओढून घेते आणि ते तुसात साठवते. वाळूतही तेच असते. तूस बेताच्या आचेवर जळाले तर राखेतली सिलिका जागी राहते, फार कडक आचेवर जळाले तर ती सुस्त होते. सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना थोडा चुना मोकळा सोडते. तो चुना एरवी काही कामाचा नसतो. जागी सिलिका त्या चुन्याला धरते आणि दोघे मिळून काँक्रीटमधली बारीक भोके बुजवतात.

"म्हणजे आमची राख आळशाला कामाला लावते," ताई म्हणाल्या.

"हळूहळू लावते," बाई म्हणाल्या. "तिला वेळ द्यावा लागतो."

मग आमची वाटणी झाली. आकडे एक, दोन, तीन यांच्यात राखेचे मिश्रण भरायचे: सिमेंटच्या दहा भागांपैकी एक भाग काढून त्याजागी राख. चार, पाच, सहा यांच्यात साधे मिश्रण. वाळू तीच, खडी तीच, सिमेंट त्याच पोत्यातले, फक्त राख नाही. राखेचे ठोकळे साध्या ठोकळ्यांच्या किमान नव्वद टक्के भार सोसले, तर गटारांवरच्या झाकणांसाठी नगरपालिका ते काँक्रीट वापरणार होती आणि ताईंची राख कायमची मार्गी लागणार होती.

कोणाच्या वाट्याला काय आले, हे फक्त मांडणीवर कोण कुठे बसला होता यावरून ठरले. मी फळीवर एक हात डावीकडे असतो तर राख माझ्या पोटात आली असती. ही गोष्ट मी विसरू शकत नव्हतो.

नव्याचे नऊ दिवस असतात म्हणतात. इथे नव्याचे नव्वद झाले. मामा राखेची गोणी उघडताना म्हणत, "या राणीसरकार, या." तिला बारीक चाळणीतून चाळत. ती पाणी जास्त पिते म्हणून बाई तिच्यासाठी वेगळे माप भरत. राखेचे मिश्रण चिकट होते, सळीला धरून बसे, म्हणून मामा ते जपून ठासत. आणि आमच्याबद्दल काय बोलत? "हे तीन राहिले का? भरून टाकतो पटकन. साधंच तर आहे."

साधंच! ज्या काँक्रीटवर अर्धे गाव उभे आहे, ते साधंच!

माझ्या शेजारी तीन नंबरचा भाऊ बसे. त्याच्या पोटात राख आली की मला त्याचे तोंड बघवत नसे. एकाच भट्टीचे लोखंड, एकाच वयाचे आम्ही, आणि त्याच्या ठोकळ्याचे फोटो निघत होते. माझा ठोकळा त्या फोटोत कडेला अर्धाच दिसे. मी जळत होतो. जी आधीच जळून राख झाली, तिच्यावर जळण्यात काय अर्थ होता? पण मत्सराला अर्थ लागत नाही, मित्रांनो. त्याला फक्त शेजार लागतो.

बाईंनी ठोकळे तीन दिवस पाडायचे ठरवले. पहिल्या दिवशीचे सहा ठोकळे सात दिवसांनी फोडायचे, दुसऱ्या दिवशीचे अठ्ठावीस दिवसांनी आणि तिसऱ्या दिवशीचे नव्वद दिवसांनी. नगरपालिकेचा निर्णय अठ्ठावीस दिवसांच्या आकड्यावर होणार होता.

पहिला दिवस ठीक गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आम्हाला उघडून ठोकळे काढत होते, तेवढ्यात ताई आल्या. सोबत त्यांची म्हातारी सासू होती. कानाने अधू, पण आवाज खणखणीत.

"कुठाय आपली राख?" सासूबाईंनी विचारले.

"ह्या ठोकळ्यात आहे, आई."

"दिसत तर नाही."

"दिसली असती तर वाया गेली असती, आजी," मामा म्हणाले. "तुम्हाला सासू म्हणून माहीतच असेल. घरात मुरली ती खरी सून."

"काय म्हणतो हा?" सासूबाईंनी विचारले.

"चांगलं म्हणतायत," ताई म्हणाल्या.

मग मामांनी पाहुण्यांना दाखवून दाखवून राखेचे तीन साचे घासले. सांधे ब्रशने खरवडले, कडा कापडाने पुसल्या, तेल लावले. सासूबाई निघेपर्यंत ऊन वर आले होते आणि नवे मिश्रण कालवायची वेळ झाली होती. आम्हा तिघांवरून मामांनी एक ओले फडके फिरवले आणि बोल्ट आवळले.

माझ्या सांध्यात कालच्या काँक्रीटची खपली राहिली होती. नखाएवढ्या जाडीची असेल. त्या खपलीमुळे माझे दोन भाग नीट भिडले नाहीत आणि वरपासून खालपर्यंत एक फट राहिली. पाच आणि सहा नंबरचेही तेच झाले. काँक्रीट भरल्यावर सिमेंटचे पाणी त्या फटीतून झिरपून पाटावर आले. मला ते जाणवायला हवे होते. माझे आयुष्य त्याच कामात गेले आहे. पण माझे सगळे लक्ष शेजारी होते. तीन नंबरमध्ये मामा किती जपून ठासतात ते मी मोजत होतो. त्याला पस्तीस मिळाले आणि मला एकतीस. मी ते चार मोजत बसलो आणि माझी फट माझ्या ध्यानातच आली नाही.

तिसऱ्या दिवशीही तसेच झाले. आमच्या ठोकळ्यांच्या कडेला सिमेंटची पातळ पापडी आली होती. मामांनी ती दगडाने घासून काढली आणि ठोकळे टाकीत सोडले.

सातव्या दिवशी पहिले ठोकळे फुटले. साधे सरासरी सेहेचाळीस टनांवर, राखेचे सदतीस टनांवर. ताईंचा चेहरा पडला. मी मात्र मांडणीवर बसून मनातल्या मनात नाचत होतो. राणीसरकार! घ्या आता!

"पडली का आमची?" ताईंनी हळूच विचारले.

"अजून नाही," बाई म्हणाल्या. "तिला वेळ लागतो म्हटलं ना."

मी मनात म्हटले, बघू किती लागतो.

अठ्ठाविसाव्या दिवशी नगरपालिकेचे साहेब स्वतः आले. ताई भिंतीपाशी उभ्या होत्या. आधी राखेचे ठोकळे यंत्राखाली गेले. काटा चढत गेला आणि तिन्ही ठोकळे फुटले तेव्हा सरासरी निघाली सहासष्ट टन. मग आमचे आले. आमची नेहमीची सरासरी एकोणसत्तरच्या आसपास असे. मी निर्धास्त होतो. पहिला ठोकळा चौपन्नावर फुटला. दुसरा सत्तावन्नावर. तिसरा माझा होता. तो चौपन्नावर एका कोपऱ्यातून बसला आणि काटा माघारी आला.

मग साहेब टाळी वाजवून म्हणाले, "अहो, राख तर सिमेंटच्या वर गेली! मग दहावा हिस्सा कशाला? सरळ तिसरा हिस्सा टाका. पैसे वाचतील, राखही संपेल. ताई, तुमचा डोंगर एका वर्षात सपाट होतो बघा."

ताई रडायला लागल्या. मामांनी त्यांना पाण्याचा पेला दिला आणि स्वतःच पिऊन टाकला, इतका त्यांना आनंद झाला होता.

आणि मी? लोखंडाला रडता येत नाही. माझ्या पोटचे पोर सगळ्यांसमोर तोंडघशी पडले होते आणि शेजारच्याची आरती चालली होती. गंजून जावे असे वाटले.

फक्त बाई हसल्या नव्हत्या. त्या खाली बसल्या आणि फुटलेल्या ठोकळ्यांचे तुकडे उचलू लागल्या. राखेचे नव्हे, आमचे. माझ्या ठोकळ्याची एक कड त्यांनी खिडकीपाशी नेली. त्या कडेला खडीच्या मध्ये पोकळ जाळी दिसत होती, मधाच्या पोळ्यासारखी. त्यांनी काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. कोन काटकोन नव्हता. मग त्या मांडणीकडे आल्या, मला उचलले, बोल्ट सोडले आणि सांध्यावर नख घासले. खपलीचा तुकडा खाली पडला.

"मामा," त्या म्हणाल्या, "हे काय आहे?"

मामा जवळ आले. त्यांनी तो तुकडा उचलून पाहिला. "माझी चूक आहे, बाई," ते म्हणाले. "राखेचे साचे घासले. हे... म्हटलं, साधेच तर आहेत."

साहेबांना हे पटेना. "पण राख सहासष्टला गेली ना? ती तर खरीच आहे."

"सहासष्ट खरे आहेत. पण कशाच्या तुलनेत?" बाई म्हणाल्या. "तिचं मोजमाप साध्या ठोकळ्यावरून होतं. तोच खोटा बोलला तर ती खरी आहे की नाही, हे मी कशाच्या आधारावर सांगू? आणि तुम्ही तिसरा हिस्सा टाकायला निघालात. त्या झाकणावरून शाळेची पोरं चालतील, ट्रक जातील."

"मग जुन्या नोंदी घ्या. साधं काँक्रीट नेहमी एकोणसत्तरला जातं, तुम्हीच सांगता."

"त्या दुसऱ्या पोत्यांच्या नोंदी आहेत. एकाच पोत्याचं, एकाच दिवशी पाडलेलं हवं. मी सही करणार नाही. सगळे ठोकळे पुन्हा पाडायचे."

ताईंनी डोळे पुसले. "बाई, पुन्हा अठ्ठावीस दिवस? माझी मुदत संपायला बत्तीस राहिलेत. त्यात राख पडली तर मला दुसरं काही करायलाही वेळ उरणार नाही. सही करा ना. चांगलंच आलंय की."

"चांगलं आलंय म्हणूनच भीती वाटते," बाई म्हणाल्या. मग त्यांनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची राख चांगली असेल असं मलाही वाटतं. पण मला वाटतं म्हणून झाकण टिकणार नाही."

ताई निघून गेल्या. मामा दारापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि परत आले.

त्या दुपारी मामांनी आम्हा सहाही जणांना अंगणात नेले. पाच, सहा आणि मी यांच्यापासून सुरुवात केली. ब्रश, मग कापड, मग पुन्हा ब्रश. सांध्यात दाढीचे जुने पाते घालून खपलीचा कण अन् कण काढला. उजेडासमोर धरून दोन भागांमधून प्रकाश येतो का ते पाहिले. घासता घासता ते स्वतःशीच पुटपुटत होते, "साधेच तर आहेत म्हणे. गाढवा."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मत्सराची लाज वाटली असे सांगितले तर ते खोटे होईल. मला आनंद झाला. इतक्या महिन्यांनी कोणीतरी आधी मला हातात घेतले होते आणि तीन नंबर ताटकळत बसला होता. पण बाईंचे ते वाक्य काही माझ्यातून जाईना. तोच खोटा बोलला तर. मी आजवर समजत होतो की माझी आणि राखेची शर्यत आहे. शर्यत नव्हतीच. मी तिची फूटपट्टी होतो. आणि फूटपट्टीने शेजाऱ्याकडे बघत वाकडे व्हायचे नसते.

दुसऱ्या दिवशी काँक्रीट आले तेव्हा मी दोन्ही भाग एकमेकांना घट्ट भिडवून बसलो. मामांनी सर्वांना पस्तीस-पस्तीस ठोके दिले. तीन नंबरकडे मी पाहिले नाही. खरे सांगायचे तर एकदाच पाहिले.

ते अठ्ठावीस दिवस फार लांब गेले. ताई रोज येत, टाकीत वाकून पाहत आणि जात. एकदा त्यांच्याबरोबर गिरणीतले दोघे कामगारही आले. ते टाकीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले, आजारी माणसाच्या खाटेपाशी उभे राहतात तसे.

अठ्ठाविसाव्या दिवशी बाईंनी आधी साधे ठोकळे घेतले. अडुसष्ट. सत्तर. माझा शेवटी होता. काटा साठ, पासष्ट करत एकोणसत्तरवर गेला आणि मगच आवाज आला. चारही बाजूंनी सारखा फुटला होता तो. मग राखेचे ठोकळे आले. चौसष्ट, सहासष्ट, पासष्ट.

बाईंनी कागदावर भागाकार केला आणि नेहमीप्रमाणे पुन्हा केला.

"चौऱ्याण्णव टक्के," त्या म्हणाल्या. "दहावा हिस्सा चालेल. त्याहून जास्त नाही, तिसरा हिस्सा तर मुळीच नाही. साहेब, आता सही करते."

साहेबांनी तिसऱ्या हिश्श्याचा विषय पुन्हा काढला नाही. ताई या वेळी रडल्या नाहीत. त्यांनी विचारले, "म्हणजे साध्यापेक्षा जरा कमीच ना?"

"जरा कमी. पण हे खरं आहे," बाई म्हणाल्या. "हे घेऊन कुठेही जा, कुणी पाडू शकणार नाही."

मुदतीला तीन दिवस बाकी असताना गिरणी वाचली. टाळ्या राखेलाच पडल्या, मित्रांनो. एकोणसत्तरला मी गेलो, पण मिठाई तिच्या नावाने वाटली. मला टोचले. जुनी खोड इतक्यात जात नाही.

आता तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या वर्गातही माझ्यासारखे कोणीतरी असते. कपाटातली तराजूची वजने असतील, कोपरे झिजलेली फूटपट्टी असेल, किंवा ज्याच्या वहीशी सगळे आपले उत्तर ताडून पाहतात तो शांत मुलगा असेल. त्यांच्यावर धूळ बसू देऊ नका. नवे काही आणाल तेव्हा त्याचे लाड जरूर करा, पण ज्यावरून त्याची पारख करायची ते आधी पुसून घ्या.

परवा, पुन्हा पाडलेल्यांपैकी नव्वद दिवसांचे ठोकळे फोडले. आमची सरासरी शहात्तर आली. राखेची एकोणऐंशी. राणीसरकारांनी वेळ घेतला आणि शेवटी मला तीन टनांनी मागे टाकले. मामा ओरडले, ताई हसल्या, तीन नंबर चकाकला. माझा मत्सर पुन्हा जागा झाला, तो मी लपवणार नाही. पण या वेळी माझ्या सांध्यात फट नव्हती. ती जिंकली हे खरे होते, कारण मी खरा होतो.